रिकामा हौदा : सेनापतीचं दिसणं आणि सैन्याचा धीर

मंडळी, पानिपतावर बोलताना आपण तोफा मोजतो, रसद मोजतो. आज एक वेगळाच प्रश्न घेऊ. सैन्याला आपला सेनापती दिसत होता का?

त्या काळचं रणांगण डोळ्यांसमोर आणा. धूळ, धूर, गलका. साध्या शिपायाला लढाईचा रंग कळणार कसा? तो वळून धन्याचा हत्ती आणि निशाण बघायचा. म्हणून तर सेनापती हत्तीवर बसत. नेम धरायला सोपं असूनही. यात भाबडेपणा नव्हता. फौज बांधलेली असायची ती धन्याशी. धनी पडला तर पगार कोण देणार, वतन कोण राखणार? लढायचं कारणच संपायचं.

१५५६ साली पानिपतावरच जिंकत आलेल्या हेमूच्या डोळ्यात बाण घुसला आणि फौज फुटली. १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. त्याला काहीच झालं नव्हतं; पण हौदा रिकामा दिसला, सैन्य पांगलं आणि तख्त औरंगजेबाकडे गेलं.

आता १४ जानेवारी १७६१. दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता. मग विश्वासरावांना गोळी लागली. पेशव्यांचा थोरला मुलगा, मोहिमेचा नावाचा धनी. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. माणूस म्हणून हे शौर्यच. पण लांबून बघणाऱ्याला ते शौर्य दिसलंच नाही, दिसला तो रिकामा हौदा.

अब्दाली मात्र आघाडीच्या मागे होता. पळणाऱ्यांना त्यानं परत लढाईत ढकललं, राखीव तुकड्या हाताशी ठेवल्या आणि वेळ येताच त्या सोडल्या. त्याच्या फौजेला धीर देत होती ती मागून येणारी कुमक.

पराभवाचं हे एकमेव कारण, असं आपण म्हणणार नाही. उपासमार होतीच. पण उपाशी फौजसुद्धा दुपारपर्यंत लढत होती, हे विसरू नका. भाऊसाहेब भ्याले का, हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतो. ते भ्याले नाहीत. विचारायचं ते हे, की एक माणूस दिसेनासा झाला तर फौज सावरेल, अशी सोय आपण का केली नव्हती?