भुईखालचा वारसा

मराठवाड्यातील ऐतिहासिक वास्तूंच्या दुरवस्थेचा विषय निघाला की आपण देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा आणि औरंगाबादचे दरवाजे यांच्याविषयी बोलतो. परंतु या प्रांतातील एक थोर वास्तू जमिनीखाली आहे, आणि म्हणूनच ती कोणाच्या नजरेत भरत नाही. ती म्हणजे मलिक अंबरची नहर.

गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. शहर वसवायचे तर आधी पाणी हवे. उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी त्याने भुयारी कालव्याने गावात आणले. मोट नाही, रहाट नाही. सारे काम जमिनीच्या उताराने केले. पुढे याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातली पाणचक्कीही अशाच पाण्यावर फिरली आणि फकीर-वाटसरूंसाठी पीठ दळले गेले.

नहर शतकानुशतके टिकली ती केवळ चुन्या-दगडाच्या बळावर नव्हे. लोकांना तिची गरज होती, म्हणून तिचा गाळ निघत राहिला. पुढे नळ आले, जायकवाडीचे पाणी आले. गरज संपली आणि सफाईही थांबली. आता कुठे इमारतीचा पाया खोदताना ती फुटते, कुठे तिच्यात सांडपाणी शिरते.

कायदे नाहीत असे नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई झाली. त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. मकबऱ्याभोवती अशी हद्द आखता येते. पण रस्ते, घरे, मोकळे भूखंड यांच्याखालून जाणाऱ्या भुयाराची हद्द कोण आखणार?

मात्र सगळा दोष सरकारच्या पदरात टाकून आमची सुटका होत नाही. कोरीव दगडावर ऑइलपेंट फासणारे, जुन्या कमानींवर चकचकीत फरशा बसवणारे हात आमचेच असतात. नियत नेक असते, पण इतिहास पुसला जातो तो जातोच.

खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावावरून आपण रस्त्यावर उतरलो. परंतु अलीकडच्या उन्हाळ्यांत नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हते, तेव्हा पायाखालच्या नहरीची आठवण किती जणांना झाली?

आमचे मागणे मोठे नाही. नहरीचा मार्ग मोजून शहराच्या विकास आराखड्यात दाखवावा आणि बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी तो पाहावा. ती कोठून जाते हेच कागदावर नसेल, तर ती फोडणाऱ्याला तरी दोष कोणत्या तोंडाने द्यावा?