दिघी परिसरातील खडी-मातीचे सायकलमार्ग
भोसरी व आळंदी यांच्या दरम्यानचे, १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेले दिघी हे पक्क्या रस्त्यांचे उपनगर. ग्रॅव्हल (खडी-मातीच्या वाटांवरच्या) सायकलस्वारांना मात्र त्याच्या पलीकडचा भाग खुणावतो. दत्तगडाच्या टेकडीचा चढ छोटा. खरी मजा चऱ्होली, आळंदी, मरकळमार्गे इंद्रायणीच्या कडेने तुळापूरच्या संगमापर्यंत. रुंद, खाचदार टायर (३५ ते ४५ मिमी) व कमी हवा यांमुळे सुट्या खडीवर पकड टिकते. पावसाळ्यात चिकट काळी माती चाकांत अडकते, तेव्हा शेतवाटा टाळाव्यात. दिघी परिसरातील लष्करी हद्दीत शिरू नये. ज्येष्ठ वद्य नवमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून दिघीमार्गे पुण्याला जाते. त्या दिवशी हा रस्ता वारकऱ्यांचा असतो.