महाबळेश्वरचा शोध

आषाढात महाबळेश्वरला जाणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना मे महिन्यातले भाडे परवडत नाही. आणि दुसरी, ज्यांना तिथल्या पावसाविषयी कोणी सांगितलेले नसते. आमच्या मंडळीत दोन्ही प्रकार होते. भाड्याची गोष्ट मला ठाऊक होती, आणि पावसाची गोष्ट मी घरच्यांना सांगितली नव्हती.

एकादशीच्या सुटीला लागून शनिवार-रविवार आले होते. आमची सौ., माझी थोरली बहीण अक्का, दहा वर्षांचा नातू आणि मी असे चौघे निघालो. पहिल्याच रात्री कौलांवर जो आवाज सुरू झाला तो सकाळपर्यंत एका क्षणासाठी थांबला नाही. गाद्या ओल्या, टॉवेल ओले, काड्यापेटी ओली. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मी चाळीस वर्षे ओळखतो.

"अहो, एवढा पाऊस इथे नेहमीच असतो का?" एवढेच त्यांनी चहाच्या वेळी विचारले.

खरे सांगायचे तर, पुण्याला तीन वर्षांत जेवढा पाऊस पडतो जवळजवळ तेवढा इथे एकट्या जुलैत पडतो. समुद्रावरून आलेले ढग साडेचार हजार फुटांच्या या भिंतीवर येऊन आदळतात आणि असेल नसेल ते इथेच रिकामे करतात. पूर्वेला पाचगणी अवघ्या पाच-सहा कोसांवर. पण तिथे याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच. मी हे सगळे सांगितले नाही. "आषाढ आहे," एवढेच म्हणालो.

नऊ वाजता ठरवलेली मोटार आली. ड्रायव्हर तिथलाच, तरुण आणि मोठा उमेदीचा. "काका, सगळे पॉइंट दाखवतो. दिसलं नाही तर पैसे कमी द्या," असे म्हणाला आणि पुढे दिवसभरात या वाक्याची आठवण त्याने मला एकदाही होऊ दिली नाही. त्याच्या हातात पॉइंटांची छापील यादी होती. विल्सन, लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, आर्थर, केट. नातवाने ती मोठ्याने वाचली आणि विचारले, "आजोबा, हे सगळे इंग्लंडमध्ये आहे का?"

विल्सन पॉइंट म्हणजे मूळचा सिंदोळा, इथली सर्वांत उंच जागा. तिथे उभे राहून आम्ही चारी दिशांना एकच पांढरा पडदा पाहिला. ड्रायव्हर मात्र हात लांब करून दाखवत होता, "ते तिकडं पाचगणी, तिकडं वेण्णा तलाव, तिकडं मकरंदगड." अक्का प्रत्येक दिशेला भक्तिभावाने मान डोलवत होती. तिला पंढरीच्या गर्दीत कळसाचे दर्शन घ्यायची सवय आहे. न दिसलेल्या गोष्टीला नमस्कार करणे तिला जड जात नाही.

लॉडविक पॉइंटवर तरी काही दिसले. तिथे एक खांब आहे. दरी नाही, डोंगर नाही, म्हणून आम्ही खांबच पाहिला. आणि त्या ओल्या दगडावरचा इंग्रजी मजकूर छत्रीखालून वाचताना मला माझी एक जुनी चूक सापडली. तीच सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. त्यांतली काही वर्षे सातारा जिल्ह्यातच गेली. सहामाहीच्या पेपरात माझा एक ठेवणीतला प्रश्न असे: "महाबळेश्वरचा शोध कोणी लावला?" उत्तर एका ओळीचे, गुण एक. जनरल लॉडविक, 1824. जावळीकडचा एक मुलगा आमच्या शाळेत होता. त्याने एका वर्षी लिहिले, "शोध लावला नाही. आमचे लोक तिथेच राहात होते." मी लाल पेन्सिलीने शून्य दिले, आणि वर शिक्षकांच्या खोलीत ते उत्तर वाचून दाखवून सर्वांना हसवले.

आता खांब काय म्हणतो पाहा. पीटर लॉडविक, कंपनी सरकारच्या चाकरीतला. 1824 साली साताऱ्याहून तो या डोंगरावर चढला आणि युरोपियन लोकांपैकी इथे पाऊल टाकणारा तो पहिला, असा त्या मजकुराचा अर्थ आहे. 'युरोपियन लोकांपैकी' हे शब्द दगडावर स्वच्छ आहेत. हा खांब त्याच्या मुलाने उभारला. बापाच्या गौरवासाठी उभारलेल्या खांबावर मुलाने जेवढा दावा केला नाही तेवढा मी, एका मराठी शाळेतल्या मास्तराने, त्याच्या पदरात टाकला होता! मधले दोन शब्द मी गाळले, आणि ते जाग्यावर ठेवणाऱ्या पोराला शून्य दिले.

"चला, भिजाल," सौ. म्हणाल्या. मी भिजलोच होतो.

दुपारी बाजारात जेवलो. या बाजाराचे जुने नाव माल्कमपेठ. सर जॉन माल्कम हा 1827 ते 1830 मुंबईचा गव्हर्नर. आजारी गोऱ्या सोल्जरांना विलायतेला पाठवण्यापेक्षा इथली हवा स्वस्त पडेल असा त्याचा हिशेब, आणि तो बरोबर होता. पण डोंगर कंपनीचा नव्हता. साताऱ्याच्या छत्रपतींचा होता. 1829 साली करार झाला. प्रतापसिंह महाराजांनी हा मुलूख कंपनीला दिला आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा हे गाव घेतले. (लोणावळ्याशेजारचे खंडाळा नव्हे, तिथे आमच्या सौ.चे माहेर आहे, आणि ते बदल्यात कोणालाही मिळणार नाही.) साताऱ्याहून इथवरचा गाडीरस्ताही महाराजांनीच बांधून दिला होता. पेठेला नाव मात्र माल्कमचे.

प्रतापसिंहांविषयी आमच्या पाठ्यपुस्तकात तीन ओळी होत्या. पेशवाई बुडाल्यावर 1818 साली इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवले, 1839 साली उतरवले. मधली वीस वर्षे तिसऱ्या ओळीत. हा राजा पहाटे उठून कारभाराचे कागद स्वतः पाहणारा, रोजनिशी ठेवणारा. त्याने साताऱ्यात नळाने पाणी आणले, शाळा काढली, छापखाना घातला. पुढे त्याच्यावर आरोप आला की गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत राजाशी संधान बांधून तो कंपनीविरुद्ध कट करतो. नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक साताऱ्यास आला आणि म्हणाला, गुन्हा कबूल करा, गादी तुमचीच राहील. महाराजांनी सांगितले, जे केले नाही ते कबूल करणार नाही. गादी गेली. त्यांना काशीस नेऊन ठेवले, आणि 1847 साली ते तिथेच वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी तेव्हाही लंडनमध्ये दाद मागत दारोदार फिरत होते.

बटाट्याची भाजी अक्काला आवडली. मी नातवाला सांगितले, की इथल्या बटाट्याचा आणि भाज्यांचा लौकिक वाढवला तो चिनी लोकांनी. मलाया-सिंगापूरकडे शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी इंग्रजांनी इथे आणून ठेवले होते. ते रस्त्यावर राबत, बागा करत, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणत. 1864 च्या सुमारास तुरुंग मोडला, आणि सुटलेल्यांपैकी कित्येक जण परत गेलेच नाहीत. इथेच लग्ने करून भाजीपाला पिकवत राहिले. नातवाला ही गोष्ट फार आवडली. छत्रपतींची गादी गेल्याचे त्याला एवढे वाटले नाही. पण समुद्रापलीकडून बेड्या घालून आणलेला माणूस बटाटे लावतो, हे त्याने दोनदा सांगायला लावले.

वेण्णा तलावावर होड्या उलथ्या घालून ठेवल्या होत्या. घोडेवाले मेणकापड पांघरून बिडी ओढत बसले होते. हा तलाव 1842 मध्ये अप्पासाहेब महाराजांनी बांधवला. हे प्रतापसिंहांचे धाकटे भाऊ. थोरल्या भावाची उतरवलेली गादी इंग्रजांनी यांना दिली. तेही 1848 साली निपुत्रिक गेले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा झाले. डोंगर एकोणीस वर्षे आधीच गेला होता. मागून राज्यही त्याच वाटेने गेले.

पाऊस आता आडवा येऊ लागला होता. साहेब लोक या दिवसांत इथे नसतच. जूनच्या मध्यावर बंगले बंद करायचे, भिंतींना गवताच्या झड्या बांधायच्या आणि गव्हर्नरापासून खानसाम्यापर्यंत सगळ्यांनी पुण्याला उतरायचे, असा शिरस्ता होता. मागे राहात ते कोळी, कुणबी, धनगर, भट्ट्या लावून लोखंड गाळणारे धावड, आणि देवळातले गुरव. ज्यांनी इथले चार महिने पाहिलेच नाहीत त्यांची नावे कड्यांना, आणि जे चार महिने चूल विझू न देता काढत त्यांचे नाव त्या छापील यादीत कुठेच नाही.

क्षेत्र महाबळेश्वरला पोचलो तेव्हा चार वाजले असतील. इथे धुक्याचे काही चालले नाही, कारण इथे लांबचे पाहायचेच नव्हते. काळ्या दगडाचे पंचगंगेचे देऊळ, आत मंद दिवा, आणि गोमुखातून पडणारे पाणी. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी वाहते, असे गुरवाने सांगितले. नातवाने बोटांवर काहीतरी मोजले आणि "म्हणजे मी आजोबा होईन तेव्हा," असे म्हणाला.

अक्का ओंजळीत पाणी घेऊन कितीतरी वेळ उभी होती. मी तिला सांगितले, की याच क्षेत्री 1665 साली, पौषातल्या सूर्यग्रहणाच्या दिवशी, शिवाजीमहाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला केली. त्यांच्याबरोबर वृद्ध सोनोपंत डबिरांचीही केली. राजाने आईला पारड्यात बसवले हे ऐकून अक्काचे डोळे भरले. मी मनात वजाबाकी करीत होतो. 1824 मधून 1665 वजा करा. एकशे एकोणसाठ. महाबळेश्वरचा 'शोध' लागायच्या एकशे एकोणसाठ वर्षे आधी इथे तराजू उभा होता, ग्रहण पाहायला माणसे होती, दक्षिणा घ्यायला ब्राह्मण होते. खालच्या जावळीत तर त्याआधी पिढ्यान् पिढ्या मोऱ्यांचे राज्य नांदत होते.

नातू माझ्याकडे पाहात होता. "आजोबा, हे देऊळ त्या लॉडविकसाहेबाला दिसलं नव्हतं का?"

"दिसलं असणार."

"मग त्याने शोध कसला लावला?"

मला उत्तर द्यायला ते जावळीचे पोर हवे होते.

शेवटी आर्थर सीट. जुने नाव मढीमहाल. आर्थर मलेट नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने इथे पहिले घर बांधले, म्हणून त्याचे नाव. सावित्रीच्या खाडीत बुडालेल्या बायकोमुलीसाठी तो इथे बसून रडे, अशी कथा ड्रायव्हरने फार रंगवून सांगितली, आणि सौ.नी दिवसात पहिल्यांदा "अरेरे" म्हटले. कड्यावर दरीचा मागमूस नव्हता. पण एक नवल होते. इथे वारा दरीतून सरळ वर येतो. हलकी वस्तू खाली टाकली तर परत येते, हे ऐकून होतो. त्या दिवशी पाऊसच खालून वर येत होता. छत्री डोक्यावर धरावी तर तोंड भिजे, म्हणून अक्काने ती पायांपुढे ढालीसारखी धरली, आणि सत्तरी ओलांडलेली माझी बहीण खदखदून हसू लागली. मग सौ. हसल्या. तिथे उभे राहून आम्ही चौघांनी काहीही पाहिले नाही, आणि जागचे हललोही नाही.

या धारेवर पडलेले पाणी थोडे इकडे सरकले तर सावित्रीतून बाणकोटला अरबी समुद्रात, आणि थोडे तिकडे सरकले तर कृष्णेतून आंध्र ओलांडून पूर्वसमुद्रात जाते. नातवाने दोन्हीकडे एकेक चूळ टाकली. कोणती कुठे गेली ते वाऱ्याने कळू दिले नाही.

रात्री दिवे गेले. मेणबत्तीच्या उजेडात मी त्या मुलाचे नाव आठवण्याचा फार प्रयत्न केला. बाक आठवला, ओला सदरा आठवला, अक्षर आठवले. नाव काही आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. पाचगणी सोडली तशी पावसाची भुरभुर झाली, पसरणीच्या घाटात ती थांबली, आणि वाईला आलो तेव्हा स्वच्छ ऊन होते. ढोल्या गणपतीच्या घाटावर आम्ही टॉवेल, मोजे, छत्र्या असे सगळे बिऱ्हाड वाळत घातले. अक्का पायऱ्या उतरून कृष्णेत पाय सोडून बसली.

"बापू, हे कालचं आपलं पाणी असेल का रे?"

"नाही," मी म्हणालो. "ते वर धोमच्या धरणात अडलं असेल."

"मग थांबू या की थोडं," अक्का म्हणाली.