सातारा-सांगलीतील संरक्षित वने : निर्मिती, विस्थापन आणि वन्यजीव पर्यटन – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतून जगभर गेला. त्याचे मूळ अरबी 'सफर' या शब्दात असून मराठीतील 'सफर'ही त्याच कुळातील आहे. आफ्रिकेत मूळचा 'प्रवास' हा अर्थ वसाहतकाळात शिकारीच्या मोहिमेला चिकटला आणि पुढे वन्यप्राणी पाहण्याच्या पर्यटनाला. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ मध्ये स्थापन झाले व १९२७ पासून तेथे पर्यटकांच्या मोटारी जाऊ लागल्या. वन्यजीव पर्यटनाची चर्चा आजही प्रामुख्याने याच प्रतिमेभोवती फिरते. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील संरक्षित वनांचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने घडला. प्रस्तुत लेखात कोयना, चांदोली व सागरेश्वर या तीन वनक्षेत्रांच्या निर्मितीचा आढावा घेऊन या निर्मितीची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचा विचार केला आहे.

धरणातून अभयारण्याकडे

जावळीचे घनदाट अरण्य मराठ्यांच्या इतिहासात सुपरिचित आहे. याच परिसरातील वासोटा किल्ल्याला शिवकाळात मिळालेले 'व्याघ्रगड' हे नाव या अरण्याच्या स्वरूपाची साक्ष देते. विसाव्या शतकात या प्रदेशाचे रूप पालटले ते धरणामुळे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले. सुमारे १०५ अब्ज घनफूट क्षमतेच्या या जलाशयाखाली खोऱ्यातील गावे व भातशेती गेली. विस्थापितांना सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत विखरून जावे लागले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ चा आहे. कोयनेचे लोक त्यापूर्वीच उठले होते.

जलाशयाने खोऱ्यातील वस्ती विरळ झाली, दळणवळण तुटले आणि पश्चिमेकडील डोंगररांगेवर जंगलाला मोकळीक मिळाली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र ४२३.५५ चौ. कि. मी. आहे. त्याच वर्षी वारणा खोऱ्यात चांदोली अभयारण्य घोषित झाले व २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. ३१७.६७ चौ. कि. मी. क्षेत्राचे हे उद्यान सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर असून वारणेवरील वसंतसागर जलाशय त्याच्या कुशीत आहे. अशा रीतीने धरण व अभयारण्य ही विस्थापनाची दोन कारणे एकाच प्रदेशात एकामागून एक आली. डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाने धरणग्रस्त व अभयारण्यग्रस्त यांचे प्रश्न एकत्र मांडले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

सागरेश्वर : लोकांनी घडविलेले वन

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्याची कथा याच्या नेमकी उलट आहे. देवराष्ट्रे गावाजवळील प्राचीन शिवमंदिरांच्या समूहामुळे प्रसिद्ध असलेल्या या टेकड्या उजाड झाल्या होत्या. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी चिकाटीने वृक्षलागवड व संरक्षणाचे काम उभे केले आणि १९८५ मध्ये सागरेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे १०.८७ चौ. कि. मी.; येथील चितळ, सांबर व काळवीट यांपैकी बहुतेक प्राणी बाहेरून आणून सोडलेले. बारमाही नैसर्गिक पाणी नसल्याने त्यांच्यासाठी पाणवठ्यांची सोय करावी लागते. येथे गाव उठवून वन झाले नाही; उजाड माळावर माणसांनी वन उभे केले.

व्याघ्र प्रकल्प आणि पर्यटन

जानेवारी २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अधिसूचित झाला. मेळघाट, ताडोबा-अंधारी व पेंच यांच्यानंतरचा हा राज्यातील चौथा आणि पश्चिम महाराष्ट्रातील पहिला व्याघ्र प्रकल्प. २०१२ मध्ये कोयना, चांदोली, राधानगरी व कास पठार यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा भाग म्हणून समावेश झाला. गवा, बिबट्या, रानकुत्रा, अस्वल व शेकरू येथे आढळतात. वाघ मात्र दीर्घकाळ क्वचितच दिसला. त्यासाठी आधी भक्ष्य वाढविणे आवश्यक होते. म्हणून सागरेश्वरातील चितळ चांदोलीत हलविण्याचा उपक्रम वन विभागाने हाती घेतला; माणसांनी घडविलेले छोटे वन मोठ्या अरण्याला आधार देऊ लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली.

या वनांत पर्यटनाचे स्वरूपही निराळे आहे. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या खुल्या गवताळ प्रदेशात दूरवरचे कळप दिसतात. सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलात चार पावलांवरचा गवाही झाडीत लपतो. बामणोलीहून होडीने वासोट्याला जाणारे किंवा चांदोलीत झोळंबीच्या सड्याकडे जाणारे पर्यटक प्राण्यांइतकेच किल्ले, सडे व जंगल पाहण्यासाठी येतात.

आफ्रिकेचा बोध

विस्थापनाबाबत मात्र आफ्रिका व सह्याद्री यांत साम्य आढळते. १९५९ मध्ये मसाई पशुपालकांना सेरेंगेटी उद्यान सोडून गोरोंगोरो क्षेत्रात जावे लागले. १९६९ मध्ये मकुलेके समाजाला क्रूगरच्या उत्तर भागातून हटविण्यात आले. पण १९९८ मध्ये मकुलेकेंना जमिनीची मालकी परत मिळाली. त्यांनी तेथे पुन्हा वस्ती न करता ती जमीन संरक्षणाखाली ठेवली आणि पर्यटनाच्या उत्पन्नात वाटा मिळविला. वन टिकले व मूळ रहिवाशांचा हक्कही मान्य झाला. भारतात २००६ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पातील पुनर्वसन ऐच्छिक असावे असे ठरविले आणि त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे हक्क मान्य केले. परंतु कोयना-चांदोलीतील बहुतेक विस्थापन या कायद्यांपूर्वी घडले होते. कायदा आला तेव्हा ज्यांना त्याची गरज होती ते कधीच दूर गेले होते.

निष्कर्ष

सातारा-सांगलीचा अनुभव सांगतो की वनांची निर्मिती एकाच मार्गाने होत नाही. कोयना-चांदोलीत धरणाच्या पाण्यामागोमाग वन वाढले, सागरेश्वरात लोकांच्या श्रमातून. पहिल्या वनातील जैववैविध्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यासाठी घरदार सोडणाऱ्यांचा वाटा पर्यटनाच्या हिशेबात सहसा धरला जात नाही. व्याघ्र प्रकल्पाचे पर्यटन वाढत असताना मार्गदर्शक, नावाडी व निवास व्यवस्थेचे काम विस्थापित कुटुंबांना प्राधान्याने मिळणे ही या इतिहासातून पुढे येणारी न्याय्य अपेक्षा आहे. जी गावे पाण्याखाली व जंगलाखाली गेली, त्यांची नोंद प्रकल्पाच्या माहितीफलकांवर असणे हेही त्या न्यायाचाच भाग ठरेल.