देगलूर आणि तत्त्वज्ञानाची दोन पीठे

मराठवाड्याच्या आग्नेय टोकाला, तेलुगू आणि कन्नड प्रदेशांच्या वेशीवर वसलेले देगलूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि तेथील विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान हा विषय संस्थानातल्याच विद्यापीठात शिकायचा असेल, तर त्याला हैदराबादच्या उस्मानियाची वाट धरावी लागे. १९१७ च्या फर्मानाने, म्हणजे निजामाच्या राजाज्ञेने, या विद्यापीठाचा पाया घातला गेला आणि त्याचे शिक्षणमाध्यम उर्दू ठरले. पाश्चात्त्य ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ हे अनुवादकार्यालयही त्याच वर्षी उघडण्यात आले. तत्त्वज्ञान विभागाचे खलिफा अब्दुल हकीम यांनी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे डॉक्टरेट मिळवली होती आणि रूमीच्या तत्त्वमीमांसेवर, म्हणजे सत्तेच्या अंतिम स्वरूपाविषयीच्या विचारावर, ग्रंथ लिहिला होता. जानेवारी १९२९ मध्ये महंमद इक्बाल यांनी हैदराबादेत इस्लामी धर्मचिंतनाच्या पुनर्रचनेवर दिलेली व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने जगभर गेली. आधुनिक तत्त्वज्ञान देशी भाषेत शिकवता येते, हे उस्मानियाने पुण्या-मुंबईच्या आधी करून दाखवले, याची दखल मराठी इतिहासलेखनाने फारशी घेतलेली नाही. मात्र ती भाषा देगलूरच्या मराठी घरातली नव्हती, हेही तितकेच खरे.

त्या घराचे तत्त्वज्ञान निरूपणात होते. निरूपण म्हणजे एखादी ओवी घेऊन तिचा अर्थ थरांथरांनी उलगडणे. त्यात आक्षेपकाची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, आधी मांडावा लागतो आणि मग सिद्धान्त सांगावा लागतो, म्हणजे शास्त्रार्थाची शिस्त तेथेही पाळली जाते. गुंडा महाराज देगलूरकरांच्या वारकरी घराण्याने ही परंपरा चालवली आणि विसाव्या शतकात धुंडा महाराज देगलूरकर हे ज्ञानेश्वरीचे मान्यवर निरूपणकार म्हणून महाराष्ट्रभर ओळखले गेले. ‘अमृतानुभवा’तील अज्ञानखंडनासारखा तर्ककठोर भागही या परंपरेत पदवी नसलेल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचतो, आणि कोणत्याही विभागाने हेवा करावा अशी ही गोष्ट आहे.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थान ताब्यात घेतल्यानंतर, उस्मानियाचे उर्दू माध्यम गेले. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले, १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले, तेव्हा विद्यापीठाचे अंतर देगलूरसाठी प्रथमच एका जिल्ह्यात मावले. तरीही या भागातील सर्वाधिक ऐकला गेलेला विचारवंत तत्त्वज्ञान विभागाचा नव्हता: नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात मराठी शिकवीत आणि मनुस्मृतीपासून भरताच्या रससिद्धान्तापर्यंत, म्हणजे कलेतील आस्वादाच्या उपपत्तीपर्यंत, व्याख्यानांतून वाद घालीत.

विभागीय कर्तृत्वाचे मराठी उदाहरण पुण्याचे आहे. सुरेंद्र बारलिंगे यांच्या काळात पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने अमळनेरच्या तत्त्वज्ञानमंदिराच्या इंग्रजी नियतकालिकाचा वारसा पुढे चालवला, ‘परामर्श’ हे मराठी त्रैमासिकही याच विभागाचे, आणि दे. द. वाडेकरांनी संपादिलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ १९७४ मध्ये पुण्यातच प्रसिद्ध झाला. या कामाला जोड हवी ती निरूपणाची. देगलूरसारख्या गावांतील निरूपणे ध्वनिमुद्रित करून, त्यांतील पूर्वपक्ष वेगळे काढून, ते पदव्युत्तर अभ्यासक्रमात वादविषय म्हणून ठेवण्याचे काम नांदेडच्या विद्यापीठाने हाती घ्यावे. ते करण्यास त्याच्याइतके जवळ दुसरे कोणी नाही.