रबराचा कारखाना, डॅनिश जंत आणि फ्लॅजिल

पोट बिघडलं की आपल्याकडे मेट्रोनिडाझोल ठरलेलं. फ्लॅजिल म्हणा, मेट्रोजिल म्हणा. सोबत ताकीद: दारू बंद! आमच्या हापिसात याचा सोयीस्कर अर्थ लावतात: शनिवारी पार्टी, म्हणजे शुक्रवारपासून गोळ्या बंद. ही ताकीद आली कुठून ते शोधत बसलो, तर भलतंच घबाड हाती लागलं.

गोष्ट सुरू होते रबराच्या धंद्यात. 1937 साली विल्यम्स नावाच्या अमेरिकन कंपनी-डॉक्टरने लिहून ठेवलं की रबरासाठी लागणारं डायसल्फिरामच्या कुळातलं रसायन हाताळणाऱ्या कामगारांना साधी बिअरही सोसत नाही. चेहरा लालबुंद, छातीत धडधड. हे दारूवरचं औषध तर नव्हे, असंही त्याला वाटून गेलं. पुढे कोपनहेगनला हाल्ड आणि याकोबसेन डायसल्फिराम जंतांवर चालतं का ते पाहत होते. गोळ्या स्वतःवरच तपासल्या (टेस्टिंग थेट प्रॉडक्शनवर!) आणि थोड्याशा दारूनेही दोघे आजारी पडले. दारूचं शरीरात आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, मग अॅसिटिक अॅसिड. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं, विष साचतं. 1948 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि बगचं फीचर झालं: दारू सोडवणारं अँटाब्यूस.

मेट्रोनिडाझोल आलं 1960च्या सुमारास. 1964 मध्ये एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलं की याने रुग्णांची दारूची ओढ कमी होते, डायसल्फिरामसारखी रिअॅक्शनही येते. झालं! ताकीद पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. 2002 साली फिनलंडमध्ये 12 निरोगी पुरुषांवर रीतसर प्रयोग झाला, काहींना औषध, काहींना नुसती खोटी गोळी. दारू पाजली, रक्त तपासलं. अॅसिटाल्डिहाइड वाढलंच नाही. 12 माणसं म्हणजे फार नव्हेत, हेही खरं. पण 2021च्या अमेरिकन सीडीसीच्या गुप्तरोगांवरच्या मार्गदर्शनातही मेट्रोनिडाझोलबरोबर दारू टाळण्याची गरज नाही असंच आहे. वेष्टनांवरची ताकीद मात्र जागच्या जागी. जुन्या कोडमधली कॉमेंट काढायला कोण धजावतो? :)

म्हणून सगळ्याच अँटिबायोटिक्सना मोकळं रान नाही हां. सेफोपेराझोनच्या इंजेक्शनवर दारू घेतली तर डायसल्फिरामसारखी रिअॅक्शन खरंच येते. टीबीच्या आयसोनियाझिडबरोबर लिव्हर धोक्यात. तेव्हा आदल्या रात्री घेतली असेल तर किती नि कधी, ते डॉक्टरांना सरळ सांगायचं. ते काही घरी फोन करत नाहीत. आपल्या मनाने डोस गाळणं मात्र वाईट, त्यात जंतूंचीच पार्टी होते.