व्हॉल्व्ह की डायोड? एका निवडीचा इतिहास



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. गिरणीच्या दारात सभा घेता घेता कर्ण्याशी आमची ओळख झाली, आणि कर्ण्यामागच्या पेटीने आम्हाला एक धडा दिला. 1990 च्या सुमारास आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना अँप्लिफायर होता. त्यातला रेक्टिफायर व्हॉल्व्ह गेला आणि बाजारात तसा दुसरा मिळेना. दुरुस्ती करणाऱ्याने त्या जागी सिलिकॉनचे डायोड जोडून दिले. “काम तेच, भाव कमी,” हे ऐकून आम्हीही खूश झालो. पंधरवड्यात ऐन सभेत आतला कंडेन्सर फुटला आणि उरलेले भाषण घशाच्या जोरावर करावे लागले. ‘काम तेच’ हे म्हणणे कितपत खरे, याचा शोध आम्ही तेव्हापासून घेत आलो.

घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे झोके घेते. अँप्लिफायरला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. विजेला ही एकेरी वाट करून देणारा तो रेक्टिफायर. व्हॉल्व्ह जुना आणि डायोड नवा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास निराळे सांगतो. काही धातूंच्या सल्फाइडांतून वीज एका दिशेने अधिक सुलभ वाहते, हे जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउन यांनी 1874 मध्येच दाखविले होते. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना खनिजाच्या ग्राहक साधनासाठी 1901 मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला. ते 1904 मध्ये मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडात जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी आपल्या व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. म्हणजे स्फटिक थोरला आणि व्हॉल्व्ह धाकटा. परंतु अँप्लिफायरला लागणारा मोठा दाब पेलणारा स्वस्त सिलिकॉन डायोड 1950 नंतरच पुढे आला. मधल्या काळात व्हॉल्व्हचेच राज्य होते, आणि गिटारचे नामांकित अँप्लिफायर त्याच राज्यात जन्मले.

दोहोंच्या कामात फरक कोणता? सिलिकॉन डायोड स्वतःकडे जेमतेम एक व्होल्ट ठेवून घेतो. अमेरिकन 5वाय3 हा व्हॉल्व्ह पूर्ण भारावर सुमारे 50 व्होल्ट खातो. इंग्लंडात नावाजलेला जीझेड34 सुमारे 17. शिवाय व्हॉल्व्हचा तंतू तापविण्यास दहा-एक वॅट वेगळे जातात. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा सारा तोटाच. पण वादकाने तार जोरात छेडली की प्रवाहाची मागणी एकदम वाढते, व्हॉल्व्हपाशी दाब क्षणभर खचतो आणि मग सावरतो. त्यामुळे आवाजाची धार किंचित दबून पुन्हा उमलते. ही उणीव कोणी गुण म्हणून योजलेली नव्हती. वादकांच्या कानांनी तिला गुण ठरविले.

मग उत्पादकांनी काय केले? कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीचे उदाहरण बोलके आहे. 1963 मध्ये तिने ‘ट्विन रिव्हर्ब’ काढला. मोठ्या सभागृहात स्वच्छ, खणखणीत वाजणारा हा सुमारे 85 वॅटचा अँप्लिफायर. त्यात सिलिकॉन डायोड. त्याच सुमारास आलेल्या सुमारे 22 वॅटच्या ‘डिलक्स रिव्हर्ब’मध्ये मात्र जीझेड34 व्हॉल्व्ह. कंपनी एक, काळ एक, निवडी दोन! लंडनच्या जिम मार्शल यांच्या जेटीएम45 मध्ये आरंभी व्हॉल्व्हच होता. पुढे अधिक शक्तीची मागणी आली तेव्हा डायोड आले. तेव्हा प्रश्न जुन्यानव्याचा नसून कामाचा होता.

आज जुन्या धर्तीचा अँप्लिफायर बांधणाऱ्यानेही हाच प्रश्न विचारावा. लहान अँप्लिफायर भरात वाजवून आवाजाची ती लवचीक ठेवण हवी असेल, तर व्हॉल्व्ह घ्यावा. जोरदार, घट्ट आणि स्वच्छ आवाज हवा असेल, तर डायोड घ्यावेत. ज्याच्या निर्गम व्हॉल्व्हांचा प्रवाह लहानमोठ्या आवाजात फारसा बदलत नाही, अशा मंडलात हा फरक मुळातच थोडा. मात्र 5वाय3 काढून तेथे नुसते डायोड घातले, तर दाब पन्नास-एक व्होल्टांनी वाढतो. त्यातही बाकीचे व्हॉल्व्ह थंड असता सारा दाब कंडेन्सरवर येतो. आमचा कंडेन्सर फुटला तो यामुळेच. योग्य रोधक जोडून हे पुष्कळसे सावरता आले असते. व्हॉल्व्ह रेक्टिफायर सावकाश तापतो म्हणून बाकीच्यांना जपतो, ही समजूतही अर्धीच खरी. जीझेड34 सावकाश तापतो, 5वाय3 लगेच तापतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. जीझेड34 ज्या ब्लॅकबर्नमध्ये तयार होत असे, ते लँकाशायरमधले विणकरांचे गाव. तेथील कापड धंदा ओसरू लागला असता व्हॉल्व्हच्या कारखान्याने अनेक हातांना काम दिले. पुढे अर्धसंवाहकांनी तो धंदाही नेला. आज असे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया अशा देशांत होतात, आणि जुने ब्लॅकबर्नचे नग हौशी लोक भारी किंमत देऊन शोधतात. ज्या हातांनी ते केले, त्यांच्या पदरात त्यातले काही पडत नाही.

गिरणगावातून आलेल्या आम्हाला ही कथा परकी वाटत नाही. नवे यंत्र आले की आमच्यातले काही त्याला सरसकट विरोध करीत, काही सरसकट मान डोलवीत. दोघेही चुकले, असे आज वाटते. “काम तेच,” असे कोणी म्हणाले की खरेच तेच आहे काय, काय मिळते, काय जाते आणि ते कोणाचे जाते, एवढे विचारून मगच जुना भाग पेटीतून काढावा. आमचा फुटलेला कंडेन्सर अजून कचेरीच्या फळीवर आहे. नवा कार्यकर्ता आला की आम्ही तो प्रथम त्याच्या हातात देतो.